तानूआत्याचं खळं

दिवाळीच्या पणत्या कोनाड्यात परत गेल्या, की आमच्या पोलादपूरच्या डोंगरात जमीन वाजायला लागते. भात कापून झालेलं असतं, भाऱ्यांच्या उडव्या रचलेल्या असतात, आणि झोडणी-मळणीसाठी घरोघरी खळं धरायला घेतात. म्हणजे अंगण खणायचं, ढेकळं फोडायची, पाणी मारायचं आणि ती ओली लाल माती लाकडी चोपण्यानं बडवून बडवून अशी घट्ट करायची की दाणा पडला तर उडावा, रुतू नये. हा बडवण्याचा आवाज एका कोंडावरून, म्हणजे डोंगरातल्या वाडीवरून, दुसऱ्या कोंडावर जातो, तिथून तिसऱ्यावर. माझ्या उमेदीच्या काळात तो एवढा मोठा असे की महाडच्या पेठेत तागडीतला गूळ आपोआप नीट बसायचा आणि कशेडीच्या घाटातली वानरं ताल धरून उड्या मारायची. ज्यांना हे खोटं वाटेल त्यांनी वानरांना विचारावं. गूळ विकणारे आता हयात नाहीत.

आता निम्म्या वाड्यांनी सिमेंटची खळी केली. सिमेंट ओतताना काय आवाज करील तेवढाच, पुढे जन्मभर मुकं. तरी यंदा कार्तिक उजाडला, दहिवरानं कौलं भिजायला लागली, आणि आमच्या आळीत मागच्या बाजूला कुणीतरी अंगण धरायला घेतलं. सकाळी चहाचा घोट घशाखाली उतरतोय तोच पाठीमागून धप्प झालं. ओल्या मातीचा आणि ताज्या शेणाचा वास खिडकीतून आत आला. मी कप खाली ठेवला. असले हंगाम मी साठ तरी पाहिले असतील. एकोणसाठ पंचांगात राहिले, एक अंगात राहिला. त्या एकात तानूआत्या होती.

मी तेव्हा आंबेकोंडच्या शाळेवर मास्तर होतो. उमरठच्या वाटेवरून डावीकडे चढायला लागायचं आणि दम संपला की बसायचं. जिथं बसाल ते आंबेकोंड. घरं तीस-बत्तीस. प्रत्येक घरातला एक पुरुष मुंबईच्या गिरणीत, एक बैल गोठ्यात आणि एक भांडण शेजाऱ्याशी, अशी समसमान वाटणी. शाळेला कुडाच्या भिंती होत्या, वर गवत होतं, खाली नुसती भुसभुशीत माती. मुलं पाढे म्हणताना पायाच्या अंगठ्यानं खड्डे करीत, आणि तेराचा पाढा संपेपर्यंत पहिल्या रांगेतली मुलं घोट्यापर्यंत खाली गेलेली असत. मला दोन गोष्टी येत, शिकवणं आणि मृदंग. दोन्ही सारख्याच येत, म्हणून वाडीनं कधी तक्रार केली नाही.

त्या वर्षी तानूआत्या मुंबईहून आली. आगबोटीनं बाणकोट, मचव्यातून दासगाव, आणि तिथून कासमभाईंच्या लॉरीत मिठाच्या गोण्यांवर बसून पोलादपूर. कासमभाई महाडचे. सबंध तालुक्यात लॉरी चालवणारा त्यांच्याइतका जोरकस माणूस नव्हता. घाटात गाडी बंद पडली तर ते तिच्याशी असे बोलत की गाडी शरमेनं सुरू होई. त्यांनीच येऊन वर्दी दिली की खाली एक बाई बसली आहे, एक ट्रंक आहे, आणि बाई म्हणते ती या वाडीची लेक.

वाडीची लेक म्हणजे सगळ्यांची आत्या. तिच्याहून वीस वर्षांनी मोठे धाकूबाबा, वाडीतलं सगळ्यांत जुनं खोड, तेसुद्धा नातवंडांच्या तोंडचं ऐकून तिला आत्याच म्हणत. सुनेला या डोंगरात पदर सांभाळावा लागतो, मोठ्यानं हसता येत नाही. लेकीला सगळं माफ. आणि तानूआत्यानं या माफीचा जेवढा वापर केला तेवढा बाणकोटपासून पोलादपूरपर्यंत कुठल्याच लेकीनं केला नसेल.

तिची कथा तिच्याकडून ऐकली तेवढी किती आणि मी त्यात घातली ती किती, हे आता वेगळं काढता येत नाही. लग्न होऊन ती लहानपणीच गिरणगावात गेली. नवरा छातीच्या दुखण्यानं गेला. मग ती स्वतः गिरणीत नळ्या भरायला लागली. चाळीत गौरीच्या दिवसांत बायका फेर धरीत, त्यात ती नाचे. शेजारच्या एका दिवाणखान्यात कुठल्याशा नाचाच्या कंपनीची तालीम चाले. तिथं संध्याकाळी झाडायला जायचं काम तिनं धरलं. एकदा मुख्य नर्तकीला ताप आला. सगळे कपाळाला हात लावून बसले. आत्या झाडत होती ती झाडतच राहिली, फक्त जरा मन लावून. कंबरेतून वाकणं, केरसुणीचा फटकारा, केर एका जागी गोळा करणं, मध्येच पाठ सरळ करून कपाळ पुसणं. तबलजीनं नकळत हात टाकला. ती थांबली तेव्हा कंपनीचे मालक उभे राहिलेले होते आणि दिवाणखाना, आत्याच्या म्हणण्याप्रमाणे, जन्मात झाला नव्हता एवढा स्वच्छ झाला होता.

तिथून ती कलकत्त्याला गेली, रंगूनला गेली, कोलंबोला गेली. तिच्या नाचात राधा नव्हती, कृष्ण नव्हता, अप्सरा नव्हती. सावित्री नदीवरची तर, म्हणजे पलीकडे नेणारी होडी, होती, गिरणीत सुताच्या चाती भरणाऱ्या बाया होत्या, भातलावणीच्या चिखलात वाकलेली रांग होती. रंगूनला तिनं नाचात भात लावलं तेव्हा पहिल्या रांगेतल्या ब्रह्मी शेतकऱ्यांनी चपला काढून लुंग्या वर खोचल्या, असं म्हणतात. म्हणतात म्हणजे मी म्हणतो. कोलंबोत एका साहेबाच्या मडमेनं विचारलं की या नाचात देव कुठं आहे. आत्यानं दुभाष्याला सांगितलं की देव जेवायला गेलाय, त्याच्या वाटचं काम आम्ही करतोय. एका विद्वानांनी वर्तमानपत्रात लिहिलं की हा नाच नव्हे, मजुरी आहे. ते कात्रण आत्यानं ट्रंकेत जपून ठेवलं होतं. तिला वाचता येत नव्हतं, कुणीतरी मजकूर सांगितला होता, आणि तिला ते कौतुक वाटलं होतं. मलाही अजून ते कौतुकच वाटतं.

मग कुठल्याशा गावी नाटकगृहाची फळी कुजकी निघाली. डावा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. घोटा बसला तो वाकडा बसला. त्यावर ती आणखी आठ वर्षं नाचली. घुंगरांचे चाळ फक्त उजव्या पायात बांधायची. कुणी विचारलं तर म्हणे, एका पायानं बोलायचं, दुसऱ्यानं ऐकायचं. आणि चालायची तर कशी? सावकाश, एकेक पाऊल तोलून, मान ताठ. वाडीला वाटलं की रंगूनला जाऊन आलेली बाई अशीच चालणार. बायका तिला मागून बघत आणि म्हणत, राणीसारखी चालते गो.

खरं काय ते तिनं एकट्या मला सांगितलं, कारण कंपनीच्या मालकांना पत्र लिहून घ्यायचं होतं आणि पत्र लिहिणाऱ्यापासून काय लपवणार. शाळेच्या ओसरीवर बसून तिनं पाय पुढं केला. घोटा बोरीच्या गाठीसारखा. मुंबईच्या डाक्तरानं सांगितलं होतं की वर्ष, फार तर दोन.

"मास्तर, ह्यो पाय संपायच्या आदी नाच कुणाच्या तरी पायात ठेवायचा हाय," ती म्हणाली. "पण मोडक्या पायाचा नाय. फळी मोडायच्या आदी मी जशी नाचत व्हते तसा. धडका, धडधाकट पायाचा. बोलू नका कुणाला. नाचात काय दिसत नाय, आठ वर्सं कुणाला दिसलं नाय."

मी मान डोलावली. मला खरंच काही दिसलं नव्हतं. मी त्यापूर्वी नाच म्हणजे शिमग्यातला पाहिलेला. त्यात सगळ्यांचेच पाय वाकडे पडतात, त्याचं कारण वेगळं.

आता नाच शिकवायचा तर माणसं हवीत, आणि कार्तिकात आंबेकोंडात रिकामा माणूस शोधणं म्हणजे वैशाखात ओढ्याला पाणी शोधणं. आत्यानं दोन दिवस बांधावर बसून खळी धरताना पाहिली. बाया ओळीनं उकिडव्या बसून चोपणी आपटीत होत्या. उठताना कमरेवर हात ठेवून आईबापाची नावं घेत होत्या. तिसऱ्या दिवशी तिनं जाहीर केलं की यंदा चोपणं नको, जमीन पायांनी बसवायची. आणि बत्तीस घरांपुढे बत्तीस फुटक्या परातीएवढी खळी कशाला, वाडीच्या माथ्यावरच्या माळावर एकच मोठं धरू.

धाकूबाबा खवळले. खळं म्हणजे लक्ष्मीची जागा, तिच्यावर नाचायचं?

"मळणीला बैल कुटं चालतो, बाबा?" आत्यानं विचारलं.

"खळ्यात."

"त्याचा पाय लक्षुमीला चालतो, नि तुमचा नाय? एवढा वंगाळ हाय का तुमचा पाय?"

धाकूबाबांनी आपल्या पायांकडे पाहिलं. ते सत्तर वर्षांत पहिल्यांदाच पाहत असावेत. ते घरी गेले, आणि बायांनी चोपणी चुलीमागे टाकली. खरं सांगायचं तर नव्या कलेपेक्षा जुन्या कंबरदुखीनं हे काम जास्त केलं. कुठल्याही क्रांतीचं मूळ शोधायला गेलं तर तिथं कुणाची तरी कंबर दुखत असते.

त्या खळ्याचे दिवस कसे सांगू? सकाळी माळावर गेलं की गवताच्या पात्यापात्यावर दहिवर. पाय ओले, नाकाचा शेंडा गार. ओढ्यावरून कळशांची रांग वर येई आणि लाल मातीवर पाणी पडलं की असा वास सुटे की गाभण म्हशीसुद्धा माती चाटायला येत. मग वीस माणसं, दहा बाया आणि दहा बाप्ये, एकात एक दोन कडी धरून उभी राहत. मध्ये तिवडा रोवलेला, म्हणजे मळणीचे बैल ज्याच्याभोवती फिरवतात तो खांब. तिवड्यापाशी आत्या. एका कडेला धोंड्यावर मृदंग घेऊन मी. घुंगरू आणायचे कुठून? बैलांच्या गळ्यातल्या घुंगुरमाळा सोडवल्या आणि सगळ्यांनी उजव्या पायात बांधल्या. त्या हंगामात आंबेकोंडचे बैल मुके फिरत आणि माणसांचा आवाज ऐकून गोठ्यातून हंबरत.

शिकवण्याची तिची रीत मी आयुष्यभर शाळेत वापरायचा प्रयत्न केला, साधली नाही. ती तोंडानं काही सांगत नसे. पुढे होई आणि करी, मागून यायचं. लांब पाऊल कुणी टाकायचं, आखूड कुणी, हा गोंधळ झाला तेव्हा तिनं मळणीच्या बैलांची जोडी आणवली. तिवड्याजवळचा बैल बारीक पावलं टाकतो, कडेचा लांब, आणि दोघं फेरा एकदमच पुरा करतात. सगळ्यांनी पाहिलं. दुसऱ्या दिवशी आतलं कडं बारीक, बाहेरचं लांब, फेरा एकदम. धाकूबाबा दूर बसून बघत होते. ते म्हणाले की सत्तर वर्षं बैलाच्या मागं चाललो, पण बैलाकडनं कायतरी शिकायचं हाय हे कुणी सांगितलं नव्हतं.

ओढ्यापलीकडच्या वस्तीतली माणसं बांधाबाहेर उभी राहून बघत. या बाजूला पाऊल टाकायची त्यांना मुभा नव्हती, आणि ते दिवस असे होते की साध्या पाण्यावरून महाडात डोकी फुटत होती. आत्यानं त्यांना हाक मारली. आमच्यातली दोघंतिघं तोंड फिरवून उभी राहिली. तिनं भाषण केलं नाही. म्हणाली, ऊन चढलं की माती सुकते, पाय कमी पडतायत. ज्याला कुणाला हरकत असेल त्यानं आपल्या घरातून आणखी आठ पाय आणून द्यावेत. कुणाकडेच आठ पाय जादा नव्हते. चार माणसं बांध ओलांडून आली आणि कड्यात उभी राहिली. विसाची चोवीस झाली. एका घरानं पाच दिवस आमच्याशी बोलणं टाकलं. सहाव्या दिवशी त्यांनाच भात झोडायचं होतं, आणि जागा तेवढी एकच होती.

मग लॉरी. आत्याला लॉरीचा नाच बसवायचा होता. बाराजण चाकं आणि सांगाडा, दोघं दिवे, एक जण चालक. कासमभाईंनी पहिली तालीम पाहिली आणि ते घायाळ झाले. म्हणाले, "आत्या, कशेडी चढताना गाडी रडते. तुमची तर हसतेय." मग त्यांनी दोन दिवस गाडी पोलादपुरात उभी करून आम्हाला गाडीचं रडणं शिकवलं. पहिला गिअर, दम, पुन्हा पहिला गिअर, मागं घरंगळणं, चाकाला धोंडा. धोंड्यासाठी माणूस हवा होता. धाकूबाबा उठून आले आणि म्हणाले, धोंडा नाय, मी भोंगा व्हतो. त्यांच्या छातीत एवढा आवाज शिल्लक असेल हे त्यांच्या बायकोलासुद्धा ठाऊक नव्हतं. पहिल्या भोंग्याला पार कापडे गावापर्यंतचे कुत्रे उठले आणि घाटात खरोखरीच दोन लॉऱ्या बाजूला थांबल्या.

आणि खळं? महिन्याभरात ते असं बसलं की हातातून सुटलेलं मुसळ त्यावर पडून दुभंगलं आणि खळ्याला चरासुद्धा गेला नाही. शेजारच्या कोंडांवरून बोलावणी यायला लागली. आमची मंडळी सकाळी जात, दुपारपर्यंत तिथलं खळं नाचून बसवून देत, भाकरी आणि कुळथाचं पिठलं खाऊन परत येत. जिथं जात तिथल्या दहाजणांच्या पायात पाऊल सोडून येत. एका दिवशी शाळेची जमीनही झाली. मुलांनी पाढे म्हटले आणि एकही मूल खाली गेलं नाही. माझ्या नोकरीतली ती एकमेव शैक्षणिक प्रगती.

मार्गशीर्षात मळणी उरकल्यावर एका रविवारी दुपारी महाड-पोलादपूरच्या लोकांना बोलावून सगळे नाच दाखवायचे ठरले. कासमभाई लॉरीभर माणसं आणणार होते. आत्यासाठी हा दिवस काय होता ते मला ठाऊक होतं. आपला नाच, धडका, दुसऱ्यांच्या पायांवर उभा राहिलेला तिला बघायचा होता. तो बघितला की पाय जाईना का.

रविवारला चार दिवस उरले आणि तिचा घोटा भोपळ्यासारखा सुजला. वाडीला तिनं सांगितलं की पाय मुरगळला. पेंढ्याच्या उडवीला टेकून ती बसली आणि म्हणाली, आज तुम्ही नाचा, मी बघते.

तोवर ती कायम पुढे असायची आणि तिची पाठ आमच्याकडे. समोरून तिनं आम्हाला पाहिलंच नव्हतं. मी मृदंगावर थाप दिली. चोवीस उजवे पाय धप्प पडले. चोवीस डावे पाय चोरासारखे टेकले आणि लगेच उचलले गेले. मध्ये अर्ध्या श्वासाएवढी फट. पुन्हा उजवा, पुन्हा चोरटा डावा, पुन्हा फट. खांदे एका बाजूला जरासे कलत आणि सावरत. फेरा पुरा झाला. आम्हाला वाटलं, इतकं सुंदर आम्ही कधीच केलं नव्हतं.

आत्याचा चेहरा पेंढ्यासारखा झाला होता.

चोवीस धडधाकट माणसं लंगडत होती. कशेडी चढून उतरणारे, खांद्यावर भात वाहणारे, जन्मात कधी पाय न मुरगळलेले. आणि एकट्या पायांचाच दोष नव्हता. मी मृदंगाकडे पाहिलं. ती अर्ध्या श्वासाची फट माझ्या हातात होती. तिच्या पायाकडे बघून बघून माझा मृदंगही लंगडायला शिकला होता.

ती भिंतीला धरावं तसं उडवीला धरून उठली, एकेकापाशी गेली, खाली बसून त्यांचे डावे घोटे हातात धरून जमिनीवर पुरे टेकवायला लागली. असं टेकव. पुरा. दाब दे. कुणाला कळेना की काल बरोबर होतं ते आज चूक कसं. तीन दिवस हे चाललं. पावलं सरळ झाली आणि नाच मेला. पोलिसांची कवायत बरी, असं ते दिसायला लागलं. मी फट काढून वाजवायला गेलो तर हात जिथं तिथं अडखळे. ती फट होती तिथंच सगळे श्वास घेत होते, हे आमच्या लक्षात आलं नव्हतं. लॉरी कशेडी चढेना. धाकूबाबांचा भोंगा बसला. आत्यानं जेवण टाकलं, नुसत्या पेजेवर राहिली.

शनिवारी संध्याकाळी ती सगळ्यांवर चिडली. मग थकून तिवड्यापाशी बसली आणि जे लपवायचं ते तिनंच बोलून टाकलं. फळीचं, घोट्याचं, डाक्तराचं. म्हणाली, तुम्ही जे उचललंत ते नाच नव्हता, माझं दुखणं होतं.

तिच्या भाच्याची बायको गोदा बाहेरच्या कड्यात होती. सून माणूस, महिन्यापूर्वी ती आत्यासमोर पदर दातात धरून बोलायची. ती पुढं आली.

"आत्याबाई, आमी बगितलं तसं घेतलं," ती म्हणाली. "त्यात दुखणं कुटलं नि नाच कुटला, ते आमाला काय ठावं? वायलं-येगळं करून दिलं नाय तुमी. आता एक काढलं तर दुसरं ऱ्हात नाय."

आत्या तिवड्यापाशीच बसून राहिली. उन्हं उतरली, माणसं घरोघर गेली.

रविवारी माळावर एवढी माणसं जमली की डोंगर त्या बाजूला दोन बोटं खचला. तो अजून तसाच आहे, पोलादपूरहून बघितलं तर दिसतो. महाडचे वकील आले, शेठ आले, कासमभाईंनी लॉरीत माणसं अशी भरली होती की उतरल्यावर काही जणांना आपले हातपाय कुठले ते ओळखावे लागले. बाया उडव्यांवर चढून बसल्या. आमची चोवीस माणसं गोल धरून उभी. एकालाही ठाऊक नव्हतं की आज सरळ नाचायचं की शिकलो तसं. मलाही नव्हतं. मी थाप द्यायचा हात वर धरून आत्याकडे बघत होतो, आणि आत्या उडवीपाशी बसून जमिनीकडे.

मागून कुणीतरी खाकरलं.

मग ती उठली. उडवीला टेकवून ठेवलेली काठी तिनं घेतली. एवढा महिना ती या वाडीतून राणीसारखी चालली होती. त्या दुपारी ती तशी चालली नाही. मान ताठ ठेवली नाही, पाऊल तोललं नाही. शेकडो माणसांच्या देखत उजवा पाय धप्प टाकत, डावा कसाबसा टेकून उचलत, खांदा कलवत, काठी वाजवत ती बांधापासून तिवड्यापर्यंत आली. धप्प, चोरटा टेकू, फट. धप्प, टेकू, फट. तिसऱ्या पावलाला माझा हात आपोआप खाली आला. पाचव्याला बाहेरचं कडं हललं, सातव्याला आतलं. आणि मग जे झालं त्यावर मी फार रंग चढवणार नाही, कारण जागा नाही. भात लावलं गेलं. सावित्रीवर होडी हाकली. लॉरी कशेडी रडत रडत चढली आणि माथ्यावर पोचली तेव्हा कासमभाई डोळे पुशीत सगळ्यांना सांगत होते की पेंढ्याचा भुसा फार उडतो बुवा. चोवीस माणसं लंगडत होती आणि त्यांच्याइतकं देखणं चाललेलं मी पुन्हा कुणाला पाहिलं नाही. तिवड्याला टेकून आत्या बघत होती. काठीनं ताल धरला होता, तो एकदाही चुकला नाही.

संपल्यावर महाडच्या एका वकिलांनी घाम पुसत असलेल्या गोदाला गाठलं. त्यांनी पुण्याला नाटकं पाहिली होती. हे पाऊल मोठं विलक्षण आहे, याचा अर्थ काय, असं त्यांनी विचारलं.

"अर्थ नाय सायेब," गोदा म्हणाली. "आत्या हाय."

वकिलांनी मान डोलावली. समजल्यावर डोलवतात तशी नव्हे, पण डोलावली.

माणसं पांगायला लागली होती. भुसा खाली बसत होता. आत्या तिवड्यापाशीच खाली बसली आणि तिनं डावा पाय पुढं पसरला, उघडाच, लुगड्यानं न झाकता. आठ वर्षं जे शब्द तिनं कंपनीत काढले नाहीत, वाडीत काढले नाहीत, ते ती सगळ्यांच्या देखत, सहज, भाकरी मागावी तशी म्हणाली.

"गोदे, पाय दुकतोय गो. जरा तेल आन."

गोदा धावली. तिच्यामागून बाहेरचं कडं धावलं, मग आतलं. धाकूबाबाही काठी विसरून निघाले. चूल पेटवायला वेळ तो कितीसा? थोड्या वेळानं माळाच्या वाटेनं चोवीस माणसं तेलाच्या कोमट वाट्या सांभाळत वर येत होती, सांडू नये म्हणून एकेक पाऊल तोलून. आणि घोटा एकच.